माणसांची पानं

पंडित नानांच्या हातात माइक दिला की लग्नघरची मंडळी निश्चिंत व्हायची. जळगावपासून बोदवडपर्यंत कुठलंही लग्न असो, मांडवात कोण आलं, ते कोणाचे मामा, कोणाचे साडू, कोणत्या गावचे, हे नाना कागदाशिवाय सांगत. नशिराबादला मास्तरकीत हयात गेली होती, त्यामुळे निम्मा मांडव त्यांच्या हाताखालून गेलेला. फाटकातून माणूस आत येतो न येतो तोच नानांचा आवाज स्पीकरवरून यायचा, आणि आपलं नाव, गाव, नातं एवढ्या लोकांत ऐकून तो माणूस जरा ताठ चालायला लागायचा. नानांनी नाव घेतलं नाही म्हणून रुसून न जेवता गेलेले पाहुणेही होते.

ही सगळी ओळख एका सकाळी मेहरूणच्या मंगल कार्यालयात सैल झाली. समोरून एक गृहस्थ आले. चेहरा ओळखीचा, हसणं ओळखीचं, पण नाव येईना. नाना घसा खाकरून म्हणाले, "आमचे स्नेही आलेले आहेत, त्यांचं हार्दिक स्वागत." गृहस्थ हसून खुर्चीवर बसले. ते नानांच्या घरासमोरच राहणारे होते, हे नानांना जेवणाच्या पंगतीत आठवलं आणि वरणात बुडवायची बट्टी हातातच राहिली.

त्यानंतर स्नेही वाढत गेले. घरी लताबाई हसून म्हणाल्या, "अहो, आजकाल तुमचे सगळेच स्नेही झालेत. नावं कोणासाठी राखून ठेवलीत?" नानाही हसले, पण ते हसू त्यांना फार जड गेलं. डॉक्टरकडे जावं असं मनात येई. पण गावातला नेहमीचा डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याच्यासमोर बसून 'मला नावं आठवत नाहीत' असं म्हणायचं आणि त्यानं 'माझं नाव सांगा बरं' असं विचारायचं, ही कल्पनाच सोसवेना.

शेवटी त्यांनी धुळ्याला मुलीला फोन लावला. सुलक्षणा एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती. पुस्तकांच्या नोंदी संगणकावर आणायचं काम तिचंच.

"सुलू, मला जरा आठवणी लिहून ठेवायच्यात," नाना म्हणाले. "जुनी माणसं, त्यांची नातीगोती. वहीत लिहिलं की सापडत नाही. फोनमध्ये काही सोय आहे का?"

सुलक्षणाला आनंद झाला. वडील निवृत्तीनंतर काही करत नाहीत ही तिची जुनी तक्रार होती. ती रविवारी जळगावला आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "नाना, तुम्हाला डायरी नकोय, स्वतःपुरता विकी हवाय. एकेका माणसाचं एकेक पान करायचं. एका पानावर दुसऱ्याचं नाव चौकोनी कंसात लिहिलं की त्या नावावर बोट ठेवून थेट त्याच्या पानावर जाता येतं. मामावरून भाच्यावर, भाच्यावरून त्याच्या सासऱ्यावर."

"म्हणजे माझ्या डोक्यात आहे तसंच," नाना म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

निवडायला मात्र पुष्कळ वेळ गेला. सुलक्षणानं दाखवलेलं पहिलं सॉफ्टवेअर इंटरनेटवरचं होतं. दिसायला देखणं, पण पानं कुठल्या तरी दूरच्या संगणकावर राहणार.

"मग ती दुसऱ्या कोणाला दिसतील?"

"तुम्ही दाखवली तरच."

"नको. माझ्याशिवाय कोणालाच दिसायला नको. तुलाही नाही."

सुलक्षणानं त्यांच्याकडे पाहिलं. आठवणी लिहायच्या त्या कोणी वाचूच नयेत, हे तिला कळेना. पण नानांचा चेहरा मास्तरांचा झाला होता आणि त्या चेहऱ्याला प्रश्न विचारायची सवय तिला लहानपणापासून नव्हती.

दुसरं सॉफ्टवेअर फोनमध्येच राहणारं होतं, पण शोधायला अडाणी. 'भिकुबाई' लिहून ठेवलं आणि शोधताना 'भिकूबाई' टाकलं की कोणी सापडलं नाही असं सांगायचं. नाना वैतागून म्हणाले, "हे तर माझ्यापेक्षा विसरभोळं निघालं!" सुलक्षणा खळखळून हसली. नाना घाईघाईनं पाणी प्यायला उठले.

तिसरं त्यांना पटलं. साध्या मजकुराच्या फायली, एका फोल्डरमध्ये, फोनच्या पोटात. लग्नं शेताकडेच्या लॉनवर होतात, तिथं रेंज नसते, तरी हे चालणार. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी जवळचं नाव पुढं करणार. वर कुलूप. सुलक्षणानं वापर शिकवला, दोन-चार पानं करून दाखवली आणि ती धुळ्याला गेली.

नाना कामाला लागले. सकाळी मेहरूण तलावाकडे फिरून आले की चष्मा लावून बसायचे. माणूस, गाव, नातं, मुलं काय करतात, गेल्या वेळी काय बोलणं झालं. काही पानांवर खाणाखुणाही: डाव्या भुवईवर वण, नेहमी पांढरी टोपी. लग्नाला निघण्याआधी पानं डोळ्यांखालून घालायची, आणि मांडवात माइकच्या मागे फोन धरायचा. लोकांना वाटायचं, नाना आता फोनमध्ये मुहूर्ताची वेळ बघतात. त्या हंगामात एकही स्नेही आला नाही. सगळे आपापल्या नावागावानं आले. लताबाईंनी टोमणा मारायचं सोडून दिलं. नानांना मात्र प्रत्येक टाळीबरोबर आपण कॉपी करून पास होतोय असं वाटायचं. ज्या मुलांच्या हातातली चिठ्ठी त्यांनी परीक्षेत ओढून घेतली होती, त्यांच्याच लग्नांत आता ते चिठ्ठीवरून बोलत होते.

मे महिन्यात धुळ्याला सुलक्षणाच्या नणंदेचं, डिंपलचं, लग्न निघालं. सुलक्षणाचे सासरे अभिमन आबा गेल्या वर्षी वारले होते. वर्षश्राद्ध उरकून घरच्यांनी मुहूर्त धरला होता. आबा म्हणजे नानांचे व्याही आणि त्याआधीपासूनचे मित्र. दोघांनी एकाच खोलीत राहून शिक्षण केलेलं. त्यांच्या दहाव्याला नाना बोलले तेव्हा अख्खी गल्ली रडली होती. डिंपलच्या लग्नात माइक दुसऱ्या कोणाच्या हातात जाणं शक्यच नव्हतं. सुलक्षणाच्या सासूबाईंनी, झुंबरबाईंनी, स्वतः फोन करून अहिराणीत सांगितलं होतं: "भाऊ, तुमना आवाज पाहिजे. आबाना घरनं लगीन शे."

लग्न साक्री रोडकडच्या एका लॉनवर, भर दुपारी. गर्दी दांडगी. नाना रंगात होते. शिरपूरकडचे पाहुणे, शिंदखेड्याचे पाहुणे, वराकडचे आत्तेभाऊ, एकेकाला नावानिशी बसवत होते. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली आणि व्याहीभेटीची वेळ आली. कोणीतरी व्यासपीठावरून खूण केली. नानांनी डिंपलचं पान उघडलं. वडील: अभिमन आबा, कंसात. नानांच्या मनात एकदम माया दाटून आली. आज आबा किती खूष असेल, असं त्यांना वाटलं. भरल्या आवाजात ते माइकवर म्हणाले, "आणि आता मी विनंती करतो, वधूपिता, माझे जिवाभावाचे मित्र, आमचे व्याही अभिमन आबा यांना, की त्यांनी वरपित्याच्या भेटीसाठी व्यासपीठावर यावं. या आबा, या! कुठं लपलात?"

क्षणभर लोकांना वाटलं आपणच चुकून ऐकलं. मग मांडवात शांतता पसरली, पुढच्या खुर्च्यांपासून पार मागे आचाऱ्यांच्या पालापर्यंत. डिंपल हार गळ्यात घेऊन उभी होती. तिनं तोंडावर हात ठेवला. सुलक्षणाचा नवरा योगेंद्र, ज्यानं बहिणीचं कन्यादान केलं होतं, तो शाल हातात धरून तसाच थांबला. नानांनी लोकांच्या तोंडांकडे पाहिलं, आणि तेव्हा, सगळ्यांच्या नंतर, त्यांना कळलं.

माइक चालूच होता. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे तोंडाला आलं ते ते बोलून गेले: "माफ करा मंडळी. हे फोनमधलं... आमच्या सुलक्षणानं एक सॉफ्टवेअर घालून दिलंय, त्यात जुनंच पान निघालं. यंत्राचा घोळ झाला."

लोकांनी माना वळवून सुलक्षणाकडे पाहिलं. ती बायकांमध्ये ओटीचं ताट घेऊन उभी होती. झुंबरबाई तिच्या शेजारीच. सुलक्षणानं वडिलांकडे एकदा पाहिलं. नानांना वाटलं, ही आता सांगणार की त्या सॉफ्टवेअरमध्ये जुनं पान असं काही नसतंच, यांनी लिहिलं तेच निघतं. पण ती म्हणाली, "हो, माझीच चूक झाली. मी नीट तपासलं नाही." योगेंद्र ताडताड व्यासपीठाच्या कडेला आला आणि दबक्या आवाजात, पण दहा माणसांना ऐकू जाईल असं, बायकोला म्हणाला, "माझ्या बापाच्या नावाशी तुला हे खेळ सुचतात?"

माइक दुसऱ्यानं घेतला. नाना जेवले नाहीत. यजमानांचा मान राखायचा म्हणून पत्रावळीपुढे बसले आणि वरणात बोट बुडवून उठले. जो तो येऊन सांगत होता, "नाना, मनाला लावून घेऊ नका, हे मोबाइलचं असंच असतं." प्रत्येक समजावणीबरोबर ते अधिकच खाली पाहत होते.

परतताना गाडी पारोळ्याच्या पुढे आली आणि लताबाईंना डुलकी लागली, तेव्हा नानांनी फोन काढला. डिंपलच्या पानावरच्या त्या कंसातल्या नावावर बोट ठेवलं. अभिमन आबांचं पान उघडलं. पहिलीच ओळ त्यांच्या स्वतःच्या शब्दांत होती: 'गेल्या वर्षी माघात गेले. दहाव्याला मी बोललो. झुंबरबाईंना भेटलं की आधी तब्येत विचारावी.' त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि फोन पालथा मांडीवर ठेवला. मांडवात त्यांनी फक्त ते एक बोट ठेवलं नव्हतं. ठेवायची गरज त्यांना वाटली नव्हती, कारण आबा जिवंत आहेत याबद्दल त्यांना शंकाच नव्हती.

त्यानंतर ते घराबाहेर पडेनासे झाले. सकाळचं फिरणं सुटलं. सुलक्षणाचा फोन आला की लताबाईंकडे द्यायचे. लताबाई बोलून झाल्यावर ओट्यावर येऊन बसायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "पोरीच्या आवाजात काही राम नाही हो. सासू बोलत नाही म्हणे तिच्याशी. जावईही घुम्यासारखे. आबांच्या नावाची जत्रा केली, असं झुंबरबाई शेजारणीला म्हणाल्या."

"सुलू काय म्हणाली?"

"काय म्हणणार? म्हणे, नानांना काही सांगू नको, त्यांना आधीच लागलंय."

नानांना शाळेतला एक प्रसंग आठवला असता तर बरं झालं असतं, काही शिकवण, काही श्लोक, धीर देणारं कुणाचं वचन. काहीच आठवलं नाही. आपली मुलगी आपल्यासाठी बोलणी खाते आहे आणि आपण दाराआड उभे आहोत, एवढंच समोर दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बंडी चढवली, टोपी घातली आणि लताबाईंना म्हणाले, "धुळ्याला जाऊन येतो."

"एकटे? मी येते की."

"नको. हे एकट्यानं करायचंय."

एसटीत खिडकीशी बसून त्यांनी वाक्यं जुळवायचा प्रयत्न केला. इतकी वर्षं हजार माणसांसमोर बोलले, पण हे एक वाक्य जुळेना. कधी त्यात सॉफ्टवेअर यायचं, कधी ऊन, कधी उपाशी पोट. एरंडोल गेलं, पारोळं गेलं, तरी वाक्यात कुठं तरी त्यांना लपायला जागा राहतच होती. धुळ्याच्या स्टँडवर उतरले, रिक्षा केली, आणि देवपुरातल्या त्या घराच्या पायरीशी जाईपर्यंत त्यांच्याकडे एकही वाक्य तयार नव्हतं.

झुंबरबाई पुढच्या खोलीत गहू निवडत होत्या. त्यांनी पदर सावरला, पण चेहऱ्यावर पाहुण्याचं हसू आणलं नाही.

"या भाऊ, बठा. एकलाच उनात?" लताबाई बरोबर आल्यात का, ते त्यांनी नानांच्या मागे पाहिलं.

सुलक्षणा आतून पाणी घेऊन आली आणि वडिलांना पाहून दारातच थबकली. योगेंद्र जेवायला घरी आलेला होता, तोही हात पुसत बाहेर आला. नानांनी पाणी घेतलं, प्यायलं नाही.

"अक्का, माले तुमनाशी बोलनं शे," ते म्हणाले. माइकवरची भाषा त्यांना आता नको होती. "योगेंद्रराव, तुम्हीही बसा. त्या दिवशी फोननं काही घोळ केला नाही. फोनमा बठ्ठं बरोबर व्हतं. सुलूनी काही चूक करी नही. माले याद ऱ्हायनं नही. आबा गयात, हाईच मी इसरी गऊ."

योगेंद्र म्हणाला, "नाना, असं कसं? तुम्ही तर दहाव्याला..."

"हो. दहाव्याला मीच बोललो. आणि लग्नात मला वाटलं आबा मांडवात आहे. खरंच वाटलं." नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला माणसं आठवत नाहीत, योगेंद्रराव. बरेच दिवस झाले. नावं जातात. म्हणून तर ते सगळं फोनमध्ये करून घेतलं. हिला सांगितलं आठवणी लिहायच्यात. खोटं सांगितलं. आणि चारचौघांत लाज जाईल म्हणून हिच्यावर ढकललं."

सुलक्षणा भिंतीला टेकली. झुंबरबाई सुपातले गहू बोटांनी उगाच इकडून तिकडे करत राहिल्या. मग त्या वर न पाहता म्हणाल्या, "तुम्हीन नाव पुकारं ना भाऊ, तवय मी बी मांगे दखं. वाटनं, उनात का काय."

आबा खरंच आले की काय म्हणून त्याही मागे वळल्या होत्या, हे ऐकून नानांनी डोळे मिटले.

"त्याना माले राग नही," झुंबरबाई पुढे म्हणाल्या, आणि आता त्यांनी सरळ नानांकडे पाहिलं. "इसरणं कोना हातमा शे? पन तुम्हीन पोरवर ढकली दिधं, त्याना राग शे. माले तिनी काहीच सांगं नही. इतला दिन मी तिले काय काय बोली गऊ, तरी सांगं नही."

वर्गात चूक सापडलेल्या मुलासारखे नाना मान घालून बसले. झुंबरबाईंनी सूप बाजूला ठेवलं, उठून सुलक्षणाजवळ गेल्या आणि तिचा दंड धरून म्हणाल्या, "चाल माय, ताट वाढूत. भाऊ उपाशी व्हतीन." सुलक्षणा तिथंच रडायला लागली. योगेंद्र बायकोकडे पाहायचं टाळत, दाराच्या चौकटीवरचा रंग नखानं खरवडत उभा राहिला. नानांना कळलं, जावयालाही आज मान वर करता येत नाहीये, आणि तेही आपल्यामुळेच.

जेवण झाल्यावर सुलक्षणा त्यांना स्टँडवर सोडायला आली. रिक्षात ती म्हणाली, "मला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं, नाना. तुम्ही 'कुठं लपलात' म्हणालात ना, तेव्हा. फोन असं बोलत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर नानांना ते सोपं गेलं असतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे जाणं झालं. गावातल्या त्या विद्यार्थ्याकडेच गेले, लताबाईंना आणि सुलक्षणाला घेऊन. त्यानं नाव विचारून फजिती केली नाही. हळू आवाजात बोलला, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली, औषधं सुरू झाली. पूर्ण बरं होईल असं कोणी म्हणालं नाही. मांडवाची बोलावणी येत राहिली. नाना आता "मला जमत नाही" म्हणत. का ते बहुतेकांना सांगत नसत. तेवढं धाडस अजून गोळा झालं नव्हतं.

सुलक्षणानं मात्र सॉफ्टवेअरचा विषय पुन्हा काढला. ओट्यावर तिघं बसले होते.

"ते कुलूपवालं आता उपयोगाचं नाही, नाना. एकट्यानं लिहायचं आणि एकट्यानं वाचायचं, तर चुकलं कुठं हे कोण सांगणार? मी दुसरं बघितलंय. पानं तुमचीच, फोनमध्येच. पण आईच्या फोनवर आणि माझ्याही फोनवर उघडतील. आम्हालाही लिहिता येईल."

त्या पानांत काय काय होतं ते नानांना ठाऊक होतं. शेजाऱ्याच्या पानावर 'घरासमोर राहतात, विसरू नये' असं लिहिलं होतं. नातवाच्या पानावर त्याचा फोटो आणि खाली नाव ठळक अक्षरांत. हे सगळं बायकोनं, मुलीनं वाचायचं म्हणजे अंगावरचे कपडे काढून ओट्यावर बसण्यासारखं होतं.

"कर," ते म्हणाले.

पानं नव्या जागी आली. लताबाईंनी चष्मा लावला आणि सगळ्यात आधी स्वतःचं नाव शोधलं. नाना रस्त्याकडे तोंड करून बसले. 'लता. माझी बायको. गोड बोलते, चहा कमी साखरेचा. माहेर बोदवड.' लताबाईंनी ते ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "बोदवड मामाचं गाव. माझं माहेर वरणगाव."

नानांच्या कानापासून मानेपर्यंत आग झाली. घाईत चुकलं होतं की खरंच गेलं होतं, हे त्यांना सांगता आलं नसतं. लताबाईंनीही ते विचारलं नाही. त्यांनी सुलक्षणाला अक्षर कसं खोडायचं ते विचारून घेतलं, आणि एकेक अक्षर शोधत, जीभ ओठांवर धरून, 'वरणगाव' लिहायला सुरुवात केली.